ललितेतर पुस्तकं: दावा पकडायचा कसा, तपासायचा कसा, वापरायचा कसा

समासनोंद (धागाकर्ती)

स्वतःत काही बदल व्हावा किंवा समाज कसा चालतो ते कळावं म्हणून वाचायच्या पुस्तकांबद्दल हा धागा आहे. 'काय वाचू' याच्या याद्या भरपूर मिळतात, 'कसं वाचू' यावर मात्र फार कमी बोललं जातं. म्हणून इथे पुस्तकांची यादी नको, पद्धतीबद्दल लिहा.

माझं मुख्य म्हणणं असं, की ललितेतर वाचन पुस्तकांत मोजू नये, दाव्यांत मोजावं. तीनशे पानांच्या पुस्तकात लेखकाचे मोठे दावे मोजकेच असतात. बाकीची पानं उदाहरणांना, किश्श्यांना आणि मन वळवण्याला गेलेली असतात. ते दावे वेगळे काढता आले, तर पुस्तक वाचून झालं असं म्हणावं. नाहीतर फक्त पानं उलटून झाली.

पुस्तक हातात घेतल्यावर पहिली २० मिनिटं ओळीने वाचायला सुरुवात करू नका. आधी प्रकाशनाची माहिती असलेलं पान बघा. पुनर्मुद्रणाचं वर्ष ताजं असतं, पण पहिली आवृत्ती कधीची आहे? मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्रावरच्या पुस्तकाला या एका आकड्याने मोठा फरक पडतो. मग अनुक्रमणिका, मग शेवटचं प्रकरण. लेखक निष्कर्ष बहुतेकदा तिथेच स्वच्छ शब्दांत मांडतो. त्यानंतर शेवटची सूची बघा. कोणत्या शब्दापुढे सगळ्यात जास्त पानांचे आकडे आहेत? पुस्तकाचा खरा विषय तिथे कळतो, आणि कधीकधी तो मुखपृष्ठावर छापलेल्या विषयापेक्षा वेगळा निघतो. शेवटी टिपा चाळा. प्रकरणामागे दोन-चारच टिपा असतील, तर ते पुस्तक पुराव्यावर नाही, लेखकाच्या अनुभवावर उभं आहे. अनुभवावर उभं असणं हा दोष नाही, फक्त ते वाचण्याआधी माहीत हवं.

नंतर एकेक प्रकरण. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं आणि पाच मिनिटं कोऱ्या कागदावर लिहायचं: लेखकाचा दावा काय, आधार काय, मला काय कळलं नाही. मग पुस्तक उघडून चुका दुरुस्त करायच्या. मिटलेल्या पुस्तकाची ही पाच मिनिटं चुकवू नका, बाकी सगळं कमीजास्त झालं तरी चालेल.

---

नवखा_वाचक

धागा छान. पण पिवळ्या पेनने अधोरेखित करत वाचणं आणि मग फक्त अधोरेखित भाग पुन्हा वाचणं यात काय वाईट आहे? वेळही वाचतो.

---

तळटीप

त्यात अडचण अशी, की दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं म्हणजे आठवणारं असा आपला समज होतो. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

यावर रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी एक छोटा उतारा वाचला. मग एका गटाने तोच पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, न बघता लिहिणाऱ्यांना ५६. म्हणजे जी पद्धत लगेच चांगली वाटते तीच आठवड्याने कमी पडते. त्यामुळेच ती सोडवत नाही.

२०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला. अधोरेखन आणि पुनर्वाचन दोन्ही कमी उपयोगाच्या गटात गेली, स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं ही दोन सर्वात वर आली.

अधोरेखन पूर्ण सोडायची गरज नाही. परिच्छेद संपेपर्यंत पेन उचलायचं नाही, आणि एका पानावर एकच खूण, एवढा नियम पुरतो. वाचता वाचता रंगवत गेलं की अर्धं पान पिवळं होतं, कारण वाक्य महत्त्वाचं आहे की नाही हे पुढचं वाचल्याशिवाय ठरतच नाही.

---

समासनोंद

तळटीप, आकड्यांबद्दल आभार. उजळणीचं अंतर राहिलं होतं ते लिहिते. पहिली पाच मिनिटं प्रकरणानंतर लगेच, दुसरी दुसऱ्या दिवशी, तिसरी आठवड्याने, चौथी महिन्याने. दर वेळी आधी आठवायचं आणि मगच नोंद बघायची. नोंद आधी बघितली तर ते पुनर्वाचनच झालं.

आणि नोंद म्हणजे उतारे उतरवून घेणं नव्हे. एका कार्डावर एकच दावा, आणि त्यात चार ओळी:
दावा (स्वतःच्या शब्दांत, एका वाक्यात).
आधार (प्रयोग, सर्वेक्षण, जनगणना, कागदपत्रं, अनुभव, की नुसतं मत).
अट (कुणाला, कुठे, कधी लागू).
शंका.
मागे पुस्तक आणि पान.

'अट' ही ओळ सगळ्यात जास्त वेळा कोरी राहते. ती कोरी राहिली म्हणजे दावा अजून नीट कळलेला नाही. समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांच्याकडे अशी सुमारे ९०,००० कार्डं होती. त्यांचा उपयोग संख्येत नव्हता. कार्डांवर दुसऱ्या कार्डांचे क्रमांक होते, त्यात होता. नवं कार्ड लिहिलं की 'हे कोणत्या जुन्या कार्डाशी भांडतं?' एवढं विचारून तो क्रमांक टाकावा. समर्थन करणारं कार्ड शोधणं सोपं असतं, भांडणारं शोधा.

---

दिवेलागण

आत्मविकासाच्या पुस्तकांकडे वळूया का? तिथे एकच दावा पुस्तकागणिक फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत त्याची अट गळून पडते. तीन ठळक उदाहरणं.

२१ दिवसांत सवय. मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या शल्यविशारदाच्या १९६० च्या पुस्तकात. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान साधारण २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे 'किमान' गेलं, 'साधारण' गेलं, 'चेहरा' गेला, फक्त २१ उरले. प्रत्यक्ष मोजमाप फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं. ९६ जण, १२ आठवडे, प्रत्येकाने एक साधी कृती रोज ठरलेल्या प्रसंगानंतर करायची. मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) निघाला ६६ दिवस, आणि पल्ला १८ ते २५४. आता 'सवयीला ६६ दिवस' हा नवा मंत्र झालाय, पण इथेही अट आहेच. अभ्यास ८४ दिवसांचा होता, म्हणजे २५४ हा आकडा सवय मुरत जाण्याचा आलेख पुढे वाढवून काढलेला आहे. आणि आलेख नीट बसला तो फक्त ३९ जणांच्या बाबतीत. त्याच अभ्यासातली कामाची गोष्ट मात्र क्वचित कुणी सांगतं: एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा फरक पडला नाही.

१०,००० तास सराव केला की कुणीही निष्णात. मूळ एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा अभ्यास, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा. सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा सरावाचा आकडा *सरासरीने* दहा हजारांच्या आसपास होता. सरासरी आहे, म्हणजे त्या गटातले बरेच जण त्या आकड्याच्या खालीही होते. आणि ते विसाव्या वर्षीही पुरते तयार झालेले कलाकार नव्हते, विद्यार्थीच होते. शिवाय तास म्हणजे कुठलेही तास नव्हेत. एकट्याने, चूक हेरून, तीच दुरुस्त करत केलेला सराव त्यात धरला होता.

संयम ठेवणारी मुलं पुढे यशस्वी होतात. मिठाई समोर ठेवून 'थोडं थांबलास तर दुप्पट मिळेल' असं सांगायचा प्रयोग. मूळची मुलं एका विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीतली होती. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी सुमारे ९०० मुलांच्या माहितीवर तेच तपासलं. संबंध दिसला, पण निम्म्या जोराचा, आणि घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश विरला. मुलाचा स्वभाव म्हणून जे वाचलं गेलं त्यात घराचा वाटा मोठा होता. आत्मविकासाचं पुस्तक आणि समाज समजून घेण्याचं पुस्तक इथे एकमेकांना भेटतात, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं.

---

नवखा_वाचक

हे सगळं पटतंय, पण मूळ शोधनिबंध सामान्य वाचकाला कुठे वाचता येतात? मग करायचं काय?

---

तळटीप

पूर्ण निबंध वाचायची गरज नसते. पुस्तकातला ज्या दाव्यावर तुमचा एखादा निर्णय अवलंबून आहे तेवढाच निवडा. सगळे तपासायला गेलात तर दुसऱ्या प्रकरणातच थकाल. मग टिपेतून मूळ निबंधाचं नाव घ्या आणि त्याचा सारांश उघडा, तो बहुधा मोफत असतो. त्यात इतकं बघा:

किती माणसं होती? ४० लोकांवरच्या प्रयोगातून 'माणसं अशी असतात' असं ठरत नाही. उभं राहण्याच्या ढंगाने आत्मविश्वासाची संप्रेरकं बदलतात, हा २०१० चा गाजलेला निष्कर्ष ४२ जणांवरचा होता. २०१५ मध्ये २०० जणांवर तो परिणाम संप्रेरकांत दिसला नाही. मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिकेनेच पुढे जाहीर सांगितलं, की आता त्यावर आपला विश्वास नाही. याला धैर्य लागतं, आणि अशा संशोधकांचं पुढचं काम मी जास्त विश्वासाने वाचतो.

तुलनेला दुसरा गट होता का? नसेल तर 'आधी असं, नंतर तसं' एवढंच हाती येतं.

दुसऱ्या कुणी करून पाहिलं का? प्रयोगाचं नाव आणि 'पुनरावृत्ती' असा शोध घ्यावा. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती झाली, तेव्हा केवळ ३६ टक्क्यांत निकाल पुन्हा सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय (म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडता येणार नाही असा) निघाला. इच्छाशक्ती वापरली की इंधनासारखी संपते, ही कल्पना २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर तपासली, परिणाम शून्याच्या जवळ आला. त्याआधी छापलेली पुस्तकं ही कल्पना सिद्ध धरूनच लिहिलेली आहेत. पहिल्या आवृत्तीचं वर्ष बघा असं समासनोंद म्हणाल्या, त्याचं कारण हे.

आणि टीप कुठे नेते? मूळ निबंधाकडे, की दुसऱ्या लोकप्रिय पुस्तकाकडे? दुसरीकडे नेत असेल तर लेखकानेही मूळ वाचलेलं नसण्याची शक्यता आहे. १९६४ चं किटी जिनोव्हिज खून प्रकरण अशाच साखळीतून दशकानुदशकं पाठ्यपुस्तकांत राहिलं: ३८ जण खून बघत राहिले, कुणी हललं नाही. २००७ मध्ये संशोधकांनी नोंदी तपासल्या तेव्हा त्या कथेला आधार सापडला नाही. २०१६ मध्ये ज्या न्यूयॉर्क टाइम्सने ती छापली त्यानेही आपल्या वार्तांकनातली चूक मान्य केली.

---

दिवेलागण

स्वतःवर प्रयोग करायची पद्धतही इथे लिहून ठेवतो, कारण आत्मविकासाच्या पुस्तकाची खरी तपासणी तिथेच होते.

एका पुस्तकातून एकच बदल घ्या. पाच सवयी एकदम सुरू केल्या की कोणती लागू पडली ते कळत नाही, आणि एक मोडली की पाचही मोडतात. सुरू करण्याआधी पूर्ण एक आठवडा काहीही न बदलता नुसती नोंद ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मग तीन आठवडे बदल, रोज एकच आकडा (झोपायची वेळ, वाचलेली पानं, फोन हातात घेतल्याच्या वेळा). कधी थांबायचं ते आधीच लिहून ठेवा: 'तीन आठवड्यांत फरक नाही तर सोडणार.' कृती प्रसंगाला बांधा. 'रोज वाचेन' हे कच्चं. 'रात्रीचं जेवण आटोपून ताट ठेवलं की दहा पानं' हे पक्कं.

आधीच्या आठवड्याची नोंद का, तर आपण पुस्तक बहुधा अगदी वाईट काळात उचलतो. वाईट काळानंतर काहीही न करता थोडं बरं होतंच. फ्रान्सिस गॅल्टनने १८८६ मध्ये उंचीच्या आकड्यांत हे दाखवलं: टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप सरासरीकडे सरकतं. आधीची नोंद नसेल तर त्या सरकण्याचं श्रेय पुस्तकाला जातं आणि आपण तेच पुस्तक इतरांना सुचवत सुटतो.

---

जनगणक

समाजाबद्दलच्या पुस्तकांत स्वतःवर प्रयोग करता येत नाही. तिथे व्याख्या आधी बघायची. आकडा पुस्तकात ठळक असतो, व्याख्या तळटीपेत असते, किंवा नसतेच.

बेरोजगार कोण? आंतरराष्ट्रीय व्याख्येत तीन अटी एकत्र लागतात: काम नाही, काम शोधतोय, आणि मिळालं तर करायला तयार आहे. शोधणं सोडून दिलेला माणूस बेरोजगारांत धरला जात नाही. उलट, पाहणीच्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास काम केलेला माणूस रोजगार असलेल्यांत मोजला जातो. त्यामुळे 'बेरोजगारी घटली' हे वाक्य वाचलं की दुसरा आकडाही बघायचा: कामाच्या वयातल्या किती टक्के लोकांना काम आहे? दोन्ही एकदम घटले असतील, तर लोकांना काम मिळालेलं नसून त्यांनी शोध थांबवलेला असू शकतो.

अतिगरिबीची जागतिक रेषाही तशीच. जागतिक बँकेने ती २०१५ मध्ये दिवसाला १.९० डॉलर केली, २०२२ मध्ये २.१५, आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर. हे क्रयशक्तीच्या हिशेबाचे डॉलर आहेत, म्हणजे देशादेशांतल्या किमतींचा फरक धरून काढलेले, आणि प्रत्येक रेषा वेगळ्या वर्षाच्या किमतींवर बेतलेली आहे. २०१८ च्या पुस्तकातला गरिबांचा आकडा आणि २०२५ च्या लेखातला आकडा शेजारी ठेवून 'गरिबी वाढली' किंवा 'घटली' म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या पट्ट्यांनी एकच कापड मोजणं.

दुसरी चूक जास्त खोल आहे: समूहाच्या आकड्यावरून माणसाबद्दल बोलणं. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवलं, की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे साक्षरता जास्त होती. त्यावरून स्थलांतरित जास्त साक्षर असं वाटेल. व्यक्तींचे आकडे बघितले तर उलट निघालं. स्थलांतरित लोक जिथे साक्षरता आधीच जास्त होती त्या राज्यांत जाऊन राहत होते, एवढंच. 'ज्या भागात अमुक लोक जास्त तिथे तमुक जास्त' अशा प्रत्येक वाक्यासमोर मी समासात 'माणूस की भाग?' असं लिहितो.

तसंच एकूण आकडा आणि त्याचे तुकडे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत पुरुषांचं निवडीचं प्रमाण ४४ टक्के आणि स्त्रियांचं ३५. उघड भेदभाव वाटतो. विभागवार बघितलं तर तो फरक जवळजवळ नाहीसा झाला, कारण स्त्रियांचे अर्ज जिथे प्रवेश कठीण अशा विभागांत जास्त होते. याचा अर्थ प्रश्न संपला असा नाही. स्त्रिया त्या विभागांकडेच का वळत होत्या, हा नवा आणि जास्त अवघड प्रश्न सुरू झाला. चांगलं सामाजिक पुस्तक इथपर्यंत नेतं, साधारण पुस्तक ४४ आणि ३५ वर थांबतं.

---

जुनी_पोथी

थोडी असहमती नोंदवतो. आत्मचरित्र, इतिहास, एखाद्या वस्तीत वर्षानुवर्षं राहून लिहिलेला अभ्यास, यांना 'किती माणसं होती' विचारून काय मिळणार? एका माणसाच्या आयुष्याने सिद्ध काहीच होत नाही, पण अपमान रोजच्या व्यवहारात कसा काम करतो, हे कुठलंही सर्वेक्षण तितकं सांगू शकत नाही. कार्डावर दावे उतरवत बसलो तर असं पुस्तक हातातून निसटतं.

अशा पुस्तकाला वेगळे प्रश्न घालावेत. लिहिणारा तेव्हा कुठे उभा होता? घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं? पुस्तकात कुणाला नाव आहे आणि कोण नुसतं 'मोलकरीण', 'गडी' म्हणून येतं? कोण बोलतच नाही? त्याच काळाबद्दल त्या न बोलणाऱ्यांपैकी कुणी लिहिलं असेल तर पुढचं पुस्तक ते. आणि अशी पुस्तकं सलग वाचावीत, प्रकरणागणिक थांबू नये.

---

समासनोंद

जुनी_पोथी, मान्य. माझ्या पहिल्या प्रतिसादात हा भाग सुटला होता. दावा करणारं पुस्तक आणि साक्ष देणारं पुस्तक असे दोन प्रकार वेगळे धरायला हवेत. साक्षीच्या पुस्तकाला कार्ड नको, वाचून झाल्यावर एक पान पुरे, आणि त्यात तुम्ही लिहिलेले प्रश्न.

फक्त एक जोड: लेखक साक्ष देता देता मध्येच 'आणि सगळीकडे असंच असतं' म्हणतो, तेव्हा तो दावा करतो. त्या वाक्याला कार्ड लागतं.

---

नवखा_वाचक

कागद की स्क्रीन? आणि वेगाने वाचायचे अभ्यासक्रम करावेत का?

---

तळटीप

२०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणात ५४ अभ्यास होते. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजला, विशेषतः वेळेची मर्यादा असताना. कथांच्या बाबतीत फरक दिसला नाही. म्हणजे स्क्रीन चालेल, पण घाई नको, आणि शेजारी कागद ठेवा. ऐकायची पुस्तकं साक्षीच्या प्रकाराला छान. तक्ते असलेल्या पुस्तकाला नाहीत.

अतिवेगाचं म्हणाल तर वेग दुप्पट-तिप्पट केला की समज कमी होते, हे रेनर आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या आढाव्यात स्पष्ट आहे. मनातल्या मनात उच्चार दाबायला शिकवतात, त्याने अवघड मजकूर उलट निसटतो. वेग खरा वाढतो तो विषयाची ओळख आणि शब्दसंग्रह वाढल्यावर. एका विषयावरचं चौथं पुस्तक पहिल्यापेक्षा आपोआप लवकर होतं.

---

नवखा_वाचक

शेवटचा प्रश्न. चार पुस्तकं अर्धवट पडली आहेत, दोन आत्मविकासाची, दोन समाजावरची. सुरुवात कुठून?

---

समासनोंद

आधी प्रत्येकाची शेवटची वीस पानं आणि अनुक्रमणिका वाचा, चारही मिळून दीड-दोन तास. मग एकेका कागदावर 'हे पुस्तक कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं' ते लिहा. जिथे प्रश्न लिहिता येत नाही किंवा तो प्रश्न तुमचा नाही, ते परत ठेवा, अपराधी वाटू देऊ नका.

आत्मविकासाच्या दोनांपैकी एकच घ्या, आणि त्यातला एकच बदल. त्याची नुसती नोंद ठेवायचा आठवडा आजपासून सुरू करा. समाजावरची दोन एकाच प्रश्नावर असतील तर दोन्ही ठेवा आणि आलटून पालटून वाचा. त्यांचं कुठे पटत नाही ते तीन रकान्यांत लिहा: आकडे वेगळे, व्याख्या वेगळ्या, की चांगलं-वाईट ठरवायची मोजपट्टी वेगळी. पहिल्या दोन रकान्यांतलं तपासता येतं. तिसऱ्यातलं तपासून सुटत नाही, तिथे तुमचं मत तुम्हालाच बनवावं लागतं. रकाने भरलेत की इथे टाका, जनगणक आणि मी बघतो.